थेट भावनगर

"इंगळे, पेन्सिल आहे का गं तुझ्याकडे?" सबनीस सरांनी विचारलं आणि मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. सरांच्या शर्टाच्या खिशात टोक केलेल्या दोन पेन्सिली कायम असायच्या. त्या दुपारीही होत्या. त्यांना त्या दिसत नव्हत्या, एवढंच.

फोन नुकताच ठेवला होता त्यांनी. भावनगरहून जावयाचा, भाविनचा होता. ऋता ही सरांची एकुलती एक मुलगी, आईवेगळी, सरांनी एकट्याने वाढवलेली. सकाळीच ती बाळंत झाली होती. मुलगी झाली म्हणून आमचा मेकॅनिक शेलार पेढे आणायला कऱ्हाडला गेलाही होता. आणि आता हा दुसरा फोन. रक्त थांबत नव्हतं. पुन्हा ऑपरेशनला घ्यावं लागेल असं डॉक्टर म्हणत होते, आणि ऋता म्हणत होती, आधी बाबांना बोलवा.

"आज मी उडवते, सर," मी म्हणाले.

"तूच उडवायचं आहेस. मी रेडिओ बघतो." सरांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि टेबलावर नकाशा पसरला. "भाऊसाहेबांना तेवढं विचारून घे."

भाऊसाहेब मोहोळकर आमचे मालक. त्यांना फोन लावला तर ते माझ्यावरच ओरडले. "विचारताय काय अहो? उचला विमान आणि निघा! ह्यात विचारण्यासारखं काय आहे?"

आमचं विमानतळ म्हणजे कऱ्हाडच्या पुढे, देवखिंडीच्या माळावर भाऊसाहेबांनी बांधलेली एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि वारा कुठून येतो ते सांगणारी एक फाटकी कापडी पिशवी. टॉवर नाही, रडार नाही. उतरण्याआधी एक घिरटी मारून धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलायच्या, की झालं वाहतूक नियंत्रण. भाऊसाहेबांची फाउंड्री होती. तिला लागणारं भंगार भावनगरजवळ जिथे जुनी जहाजं तोडतात तिथून यायचं, त्यामुळे महिन्यातून दोन-तीन वेळा आमची तिकडे फेरी असायचीच. वाट आम्हाला पाठ होती.

म्हणजे सरांना पाठ होती. मी नुकती कुठे कॅप्टन झाले होते.

ढगातून उडायचं म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नाही. समोरच्या यंत्रांवर भरवसा ठेवायचा आणि जमिनीवर बसलेला कंट्रोलर ज्या वाटेने जा म्हणेल त्या वाटेने जायचं. ती वाट आधी आखून त्याच्याकडे मागावी लागते. आमच्या देवखिंडीपासून भावनगरपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती मुंबईला पूर्वेकडून खेटून जाते, आणि नेमकी तिथूनच देशभरातली मोठी विमानं एकामागोमाग एक खाली येत मुंबईत शिरत असतात. त्या रांगेत आमचं सहा माणसांचं विमान घालायचं म्हणजे हायवेवर लुना. म्हणून आम्ही नगरवरून नाशिक, तिथून सुरत आणि मग खाडी ओलांडून भावनगर असा वळसा घालायचो. त्यात वीस मिनिटं जादा जायची.

सरांचा एक नियम होता. जी वाट मिळणार नाही ती मागायची नाही. माझ्या आधी कधीतरी, भाऊसाहेबांना घाई आहे म्हणून त्यांनी थेट वाट मागितली होती. मुंबई नाही म्हणाली नाही. मुंबई म्हणाली, थांबा. आकाशात थांबा म्हणजे गोल गोल फिरा. लोणावळ्यावर ढगात अर्धा तास गरगर फिरवलं त्यांना, आणि मागच्या सीटवर भाऊसाहेब पिशवीत तोंड घालून बसले होते. त्यानंतर वर्षभर भाऊसाहेबांना चिक्की दाखवली तरी ते तोंड फिरवायचे म्हणे. तेव्हापासून सर फक्त देण्याजोगं तेवढंच मागायचे, आणि त्यांनी मागितलेली वाट कधी परत आली नाही. आसपासच्या छोट्या धावपट्ट्यांवरचे पायलट फोन करून त्यांना विचारायचे, सबनीस साहेब, मुंबईला काय सांगू? सर खूश व्हायचे. वरून दाखवायचे नाहीत, पण व्हायचे.

त्या दुपारीही त्यांनी नगर, नाशिक, सुरत अशी वाट झरझर आखली, फोन केला, आणि एका फोनमध्ये परवानगी मिळाली.

"बघ," ते मला म्हणाले. "एका फोनमध्ये." आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन नकाशाची घडी घालायला लागले.

श्रावण संपत आला होता. उडालो आणि लगेच ढगात शिरलो. बाहेर नुसतं पांढरं. सर माझ्या उजव्या हाताला बसले होते, कानाला हेडफोन, मांडीवर नकाशा. आवाज अगदी रोजच्यासारखा. त्यांना ओळखणाऱ्यालाच कळलं असतं की ते मधूनमधून डाव्या हाताने स्वतःचाच गुडघा दाबून धरत होते.

मुंबईशी बोलणं सुरू झालं आणि मला पहिल्यांदा जाणवलं की काहीतरी वेगळं आहे. एरवी तिथे भाजी मंडईसारखा गलका असतो, आपला नंबर लागेपर्यंत तोंड उघडायला फट मिळत नाही. त्या दुपारी एक विमान बोललं, कंट्रोलरने उत्तर दिलं, आणि मग बराच वेळ कोणीच बोललं नाही.

"सर, किती शांत आहे आज," मी म्हणाले. "थेट वाट मागून बघायची का?"

 सरांचा अंगठा बोलण्याच्या बटणावर गेला. मी बघितला. तो तिथे टेकला, थांबला आणि मग परत आला.

"नको," ते म्हणाले. "आत्ता आपली वाट मोकळी आहे, इंगळे. विचारायला गेलो आणि थांबा म्हणाले, तर? आज थांबायला आपल्याकडे वेळ नाही."

"बरोबर आहे, सर."

आणि बरोबरच होतं. आज इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावरही मी हेच सांगते. त्यांना जेवढं माहीत होतं त्यावरून त्यांनी केलं ते बरोबर होतं. हे सांगितलं की ऐकणारे समाधानाने माना डोलावतात. मला त्या माना पिरगाळाव्याशा वाटतात. बरोबर असून काय करायचं आहे?

मी विमान नगरकडे वळवलं.

भावनगरला उतरलो तेव्हा भाविनचा चुलत भाऊ गाडी घेऊन उभा होता. मी विमान तसंच सोडून सरांबरोबर गेले. नियमात बसत नव्हतं, पण त्यांना एकट्याला सोडवेना.  गाडीत सरांनी खिशातून पेन्सिल काढली, बघितली आणि पुन्हा खिशात ठेवली.

हॉस्पिटल दुसऱ्या मजल्यावर होतं. सर लिफ्टसाठी थांबले नाहीत, जिन्याने गेले. साठीच्या जवळ आलेला माणूस, पण माझ्या पुढे होता. वर बाकावर भाविनची आई बाळाला घेऊन बसली होती. भाविन दाराशी उभा होता. सरांना बघून त्याचा चेहरा असा झाला की मी तिथेच थांबले.

"बाबा, आत्ता नेलं," तो म्हणाला. ऋताकडून शिकलेलं त्याचं मराठी एरवी आम्हाला फार गोड वाटायचं. "आत्ताच नेलं तिला."

"किती वेळ झाला?"

"दहा मिनिट. पंधरा झाले असतील. बाबा, तिने डॉक्टरला थांबवून ठेवलेलं. हट्ट केला. बाबा आल्याशिवाय जाणार नाही म्हणाली. ते थांबले पण. खूप थांबले. मग बीपी एकदम..." 

"शुद्धीत होती?"

"पूर्ण शुद्धीत. दरवाजाकडे बघत होती."

"काही म्हणाली?"

"तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. मी बोललो मला सांग, मी सांगतो बाबांना. तर नको म्हणाली. बाबांनाच सांगते."

सर खाली बसले नाहीत. भिंतीलाही टेकले नाहीत. ऑपरेशन थिएटरच्या दारासमोर ताठ उभे राहिले आणि उभेच राहिले. मी मनातल्या मनात वजाबाकी करत होते, आणि ती थांबवू म्हटलं तरी थांबत नव्हती. सरांच्या मनातही तीच चालली असणार. इतकी सोपी वजाबाकी कोणालाही जमते.

संध्याकाळ व्हायच्या आत डॉक्टर बाहेर आले. ऋता गेली होती.

ऋताला काय सांगायचं होतं ते कोणालाच कधी कळलं नाही. नाव असेल बाळाचं. काही मागायचं असेल. माफी असेल, राग असेल, किंवा काहीच नसेल, नुसतं बाबा म्हणायचं असेल. मी तिला दोनदाच भेटले होते. मोठ्याने हसायची ती, आणि सरांना "कॅप्टन" म्हणून चिडवायची.

सर महिन्याभराने कामावर आले. मला वाटलं होतं की ते आता उडणार नाहीत, निदान भावनगरला तरी नाही. पण पहिली फेरी भावनगरचीच लागली आणि ते आले. बरोबर एक कापडी बाहुली होती. बाळाचं नाव रेवा ठेवलं होतं.

वाट त्यांनीच आखली. नेहमीचीच, नगर, नाशिक, सुरत. सकाळी निघालो. भाऊसाहेब मागे बसले होते. मुंबईशी बोलणं सुरू झालं, नेहमीचा गलका होता, आणि आमचा नंबर लागल्यावर सर शांतपणे म्हणाले, "विनंती आहे. थेट भावनगर."

रेडिओवर सगळं इंग्रजीत चालतं, पण त्याचा अर्थ एवढाच. मी चमकून त्यांच्याकडे बघितलं.

"जमणार नाही," कंट्रोलर म्हणाला. "दिलेल्या वाटेने चला."

"ठीक आहे," सर म्हणाले. मग त्यांनी पायाशी ठेवलेला डबा काढला आणि दहीपोहे खाल्ले. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

त्यानंतर प्रत्येक फेरीला हेच. वर गेलं, मुंबई लागली, की "थेट भावनगर." कधी कंट्रोलर सभ्यपणे नाही म्हणायचा, कधी खेकसायचा. एकदा तर एक जण वैतागून म्हणाला, अहो, तुम्ही दर वेळी तेच काय विचारता? भाऊसाहेब मागून ओरडायचे, "सबनीस, नका हो मागू! पुन्हा त्या लोणावळ्यावर नेऊन फिरवतील मला." सर मागायचे. नाही म्हटलं की डबा काढायचे.

मला वाटायचं, या माणसाने धडा घेतला आहे. आता निदान विचारायचं तरी, असं त्याने मनाशी ठरवलं आहे. मला त्याचं कौतुकही वाटायचं, आणि फार दयाही यायची.

वर्ष झालं असेल. भावनगरला भाऊसाहेब कामाला गेले होते आणि आम्ही पंखाच्या सावलीत बसलो होतो. सर रेवाला भेटून आले होते. तिने त्यांच्या टोपीची कड चावून ओली केली होती आणि ते रुमालाने ती पुसत होते.

"सर," मी म्हणाले, "सकाळच्या गर्दीत मुंबई कधी थेट देईल का? तुम्हीच मला शिकवलंत. मग कशाला विचारता?"

"नाही म्हणतात ना, ते ऐकायला," सर म्हणाले.

मला कळलं नाही.

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "दर वेळी नाहीच म्हणतात. तू असतेसच, ऐकतेस. एकदाही हो म्हणाले नाहीत. म्हणजे त्या दिवशीही नाहीच म्हणाले असते. हो की नाही?"

"हो, सर."

"नक्की?"

"नक्की, सर. नाहीच म्हणाले असते."

"तेच," सर म्हणाले. "अजून पुरतं पटत नाही, एवढंच. ऐकत राहिलं की पटेल."

त्या दिवसापासून मीही जीव मुठीत धरून त्या "नाही"ची वाट बघायला लागले. पायलट म्हणून शरमेची गोष्ट आहे, पण आकाशात गर्दी असू दे म्हणून मी देवाला हात जोडत होते. आणि एक गोष्ट मला माहीत होती. आमच्या सगळ्या फेऱ्या सकाळच्या. भाऊसाहेब सकाळचा माणूस, उजाडलं की निघा म्हणणारे. ऋताच्या वेळी आम्ही दुपारी गेलो होतो. सकाळची मुंबई आणि दुपारची मुंबई यांत किती फरक असतो हे सरांना माझ्यापेक्षा दसपट ठाऊक होतं. पण ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही. ते जे बांधत होते ते तेवढ्यावर उभं होतं, आणि उभं राहतंय तर राहू दे, असं मला वाटायचं.

पुढच्या पावसाळ्यात एकदा फाउंड्रीतली भट्टी बिघडली. भाऊसाहेब सकाळपासून तिच्यापाशी अडकले आणि माळावर आले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. "चला, चला, उशीर झाला!" ते म्हणाले.

"भाऊसाहेब, उद्या सकाळी गेलो तर?" मी विचारलं.

"का? काय झालं?"

"ढग आहेत."

"ढग काय आज नवीन आहेत का, बाई?"

सर आधीच आपल्या जागी जाऊन बसले होते. मांडीवर नकाशा.

उडालो. पांढऱ्यात शिरलो. मुंबई लागली, आणि कानात काहीच नाही. नुसती खरखर. मी सरांकडे बघितलं नाही. समोरच्या यंत्रांवर डोळे लावून मी मनात म्हणत होते, बोला रे कोणीतरी. दिल्लीवाले, चेन्नईवाले, कोणीही बोला.

"सर," मी शेवटी म्हणाले. "आज नका विचारू. एक दिवस राहू दे."

"नाही गं," सर म्हणाले. "तसं केलं तर मग आधी ऐकलेल्या 'नाही'ला काय अर्थ राहिला?"

अंगठा बटणावर गेला. या वेळी तो मागे आला नाही.

"विनंती आहे. थेट भावनगर."

एका मुलीचा आवाज होता, तरुण, ताजा. तिने एक क्षणही घेतला नाही. "मंजूर. थेट भावनगर." आणि मग, काम कमी असलं की माणूस जरा मोकळं बोलतो तसं ती पुढे म्हणाली, "दुपारी या वेळेला देता येतं, सर. विचारत जा."

वाट मंजूर झाली की आपण ती ऐकली हे उलट म्हणून दाखवायचं असतं. सर बोलले नाहीत. तिने पुन्हा हाक मारली. तेव्हा मीच बटण दाबलं, मंजूर वाट म्हणून दाखवली आणि तिचे आभार मानले. तिचा काय दोष होता? चांगली मुलगी होती.

"वळव, इंगळे," सर म्हणाले.

मी विमान सरळ रेघेवर आणलं. पुढचा सगळा वेळ सर नकाशाकडे बघत होते. डबा पायाशी तसाच होता. मागे भाऊसाहेब घोरत होते.

भावनगरला उतरलो, इंजिनं बंद केली. भाऊसाहेब जागे झाले, घड्याळ बघितलं आणि खूश झाले. "वा, सबनीस! आज लवकर आणलंत की हो!" गाडी यायची होती अजून, म्हणून ते चहा शोधायला इमारतीकडे गेले.

सर उठले नाहीत. बेल्टही सोडला नाही. डाव्या मनगटावरचं घड्याळ मांडीवर, नकाशावर टेकवून ठेवलं होतं त्यांनी, आणि ते बघत बसले होते. मला आधी वाटलं, त्यांना बरं वाटत नाही. मग माझ्या लक्षात आलं ते काय करत आहेत, आणि मी माझ्या जागी बसून राहिले. केबिन तापली. घाम मानेवरून पाठीत उतरला. बाहेर एक माणूस आला, चाकांना अडसर लावून गेला. आणखी एक येऊन इंधन हवं का विचारून गेला. वाऱ्याची पिशवी भरली, पडली, पुन्हा भरली. भाऊसाहेबांनी चहा पिऊन लांबून हात केला. गाडी आली, त्यांना घेऊन गेली. तरी सर घड्याळ बघत होते. वीस मिनिटं इतकी लांब असतात हे मला तोवर खरंच माहीत नव्हतं.

शेवटी त्यांनी मान वर केली.

"केवढा वेळ होता गं, इंगळे," ते म्हणाले. "सगळं सांगून झालं असतं तिचं."

मग त्यांनी बेल्ट सोडला, खिशातल्या दोन्ही पेन्सिली काढून माझ्या हातात दिल्या, आणि खाली उतरले.